तल्लीन मुलं, न संपणारं पोर्शन आणि नॅकची फाइल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या, व्याख्यानाऐवजी प्रश्न आणि चर्चेतून शिकवण्याच्या प्रयोगावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत आणि मुद्देसूदही लिहिलंत. म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथे सविस्तर उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एका आठवड्याच्या प्रयोगावरून एवढी उडी मारू नये. वर्गात चर्चा लावली की एक हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे त्याचं बघून हात वर करतात. पोर्शन संपत नाही. तुमच्या व्याख्यानांत मुलं तल्लीन व्हायची आणि त्यातूनच ती घडली. आणि शेवटी, आपल्याकडे ‘अभिनव अध्यापन’ म्हणजे नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला जोडायचा आणखी एक फोटो.

आधी तो प्रयोग. 2011 साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत तो छापून आला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या दोन तुकड्या, प्रत्येकी अडीचशेच्या वर मुलं. एकीला अनुभवी, मुलांच्या आवडत्या प्राध्यापकांनी नेहमीच्या पद्धतीने शिकवलं. दुसरीला लुई देलोरिए या शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्या तरुण संशोधकाने, आधी वाचन, मग वर्गात प्रश्न, गटात चर्चा आणि लगेच खुलासा अशा पद्धतीने. विषय तोच, विद्युतचुंबकीय लहरी, आणि वेळही तेवढाच. चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी 41 टक्के आली, दुसरीची 74. तुमची हरकत रास्त आहे. आठवडा फार थोडा, चाचणी सगळ्यांनी दिली नव्हती, प्रश्न प्रयोग करणाऱ्यांनीच काढले होते. (दोन्ही शिक्षकांना ते मान्य होते, पण तरीही.) एवढ्या एकाच निबंधावर कुणी वर्ग बदलू नये. पण 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानं असलेल्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के मुलं नापास होत होती. जिथे मुलांना वर्गातच काही करायला लावलं तिथे 21.8 टक्के. हे एका आठवड्याचं काम नाही.

हुशार मुलाची शंका मला सगळ्यांत आवडली, कारण ती वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच येते. कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच शंका तपासली. 2009 सालचं काम. मुलांनी आधी एकेकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्यांशी बोलून पुन्हा द्यायचं. इथवर तुम्ही म्हणता ती नक्कल शक्य आहे. म्हणून बरोबर उत्तर न सांगताच त्यांनी त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न टाकला आणि तो पुन्हा एकेकट्याने सोडवायला लावला. नुसतं शेजाऱ्याचं उचललं असेल तर इथे पितळ उघडं पडायला हवं. तसं झालं नाही, सुधारणा टिकली. आणि त्यांच्या हिशेबानुसार, सुरुवातीला ज्या गटात एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथल्या मुलांनाही चर्चेने फायदा झाला.

अर्थात प्रश्न तसा हवा. ‘न्यूटनचा तिसरा नियम सांगा’ यावर कसली चर्चा होणार? ‘एसटी आणि स्कूटरची समोरासमोर टक्कर झाली, कोण कोणावर जास्त बल लावतं?’ असं विचारा. दोन्ही बलं सारखीच असतात, पण नियम घडाघडा म्हणणारी निम्मीअधिक मुलं एसटीच्या बाजूने उभी राहतील, आणि उरलेल्यांना त्यांच्याशी भांडावंसं वाटेल.

आता तल्लीन मुलांबद्दल. तुमच्या व्याख्यानांवर मी शंका घेत नाही, पण हार्वर्डमधल्या, पुन्हा देलोरिए यांच्याच, 2019 च्या अभ्यासाकडे बघा. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. एका गटाला उत्तम, ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला तेच साहित्य गटात सोडवायला. व्याख्यान ऐकलेल्या मुलांनी सांगितलं, आम्ही जास्त शिकलो. चाचणीत जास्त गुण मिळाले दुसऱ्या गटाला. कारण समजण्यासारखं आहे. सफाईदार मांडणी ऐकताना आपल्याला सगळं कळतंय असं वाटत राहतं, स्वतः धडपडताना मात्र आपलं अज्ञान पदोपदी टोचतं. तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरून, आणि सत्राअखेरीच्या फीडबॅक फॉर्मवरूनही, अध्यापनाचं माप काढताना जरा जपून.

पोर्शनबद्दल थोडंच लिहितो. मुलं घरून वाचून आली नाहीत तर ही पद्धत कोसळते, आणि सत्रांत परीक्षेत ‘सूत्र सिद्ध करा’ एवढंच येणार असेल तर ती वाचून येणार नाहीत. प्रश्नपत्रिका न बदलता तास बदलायचा हा व्यर्थ खटाटोप आहे. इथे माझं तुमच्याशी भांडण नाही, अभ्यासमंडळांशी आहे.

मात्र नॅकच्या फाइलचं वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंत, आणि सगळ्या प्रकरणाचा गाभा मला तिथेच दिसतो. अमेरिकेत 2011 साली टेसा अँड्रूज आणि सहकाऱ्यांनी जीवशास्त्राचे प्राध्यापक यादृच्छिकपणे निवडून उत्क्रांतीतल्या ‘नैसर्गिक निवडी’बद्दल त्यांची मुलं किती शिकतात हे पाहिलं. आपण वर्गात चर्चा, गटकार्य वगैरे घेतो असं सांगणाऱ्यांच्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त निघाली नाही! म्हणजे पद्धतीचं नाव घेतलं की फळ मिळतं असं नाही. गाजलेले प्रयोग बहुतेक अशा लोकांनी केले होते, ज्यांना मुलं कुठे आणि का चुकतात याचा अभ्यास होता. बाकीच्यांपर्यंत गटकार्याचं बाह्य रूप पोचलं, त्यामागचा अभ्यास पोचला नाही. आपल्याकडच्या फोटोंचं दुसरं काय होतं?

म्हणूनच व्हँकूव्हरमधला तो एक आठवडा मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. त्याच्या आजूबाजूला जे उभं केलं होतं ते वाटतं. 2001 चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2007 साली तिथे विज्ञान-अध्यापनाचा उपक्रम सुरू केला. पैसा एकेकट्या उत्साही प्राध्यापकाला दिला नाही, विभागांना दिला, तोही विभागाने आराखडा मांडल्यावर. त्या पैशातून विषयातली पीएचडी असलेली तरुण माणसं नेमली आणि त्यांना अध्यापनावरच्या संशोधनाचं प्रशिक्षण दिलं. ती विभागातच बसत. प्राध्यापकाबरोबर एकेक अभ्यासक्रम घ्यायचा, वर्गात मागे बसून पाहायचं, मुलांशी बोलून गैरसमज हुडकायचे, त्यावरून प्रश्न आणि चाचण्या रचायच्या, हे त्यांचं काम. प्राध्यापक बदलला तरी साहित्य विभागाकडे राहायचं. आणि एवढं करूनही वीमन यांना सर्वांत मोठा अडथळा कोणता वाटला? बढतीसाठी संशोधनच मोजलं जातं, चांगलं शिकवणं नाही, हा.

आपली गत बघा. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत ‘कॅस’साठी, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी, अध्यापनाची प्रत ठरते ती नेमलेल्यापैकी किती टक्के तास घेतले यावर. 80 किंवा त्याहून जास्त असलं की ‘चांगलं’. त्या तासांत काय घडलं हे कुठल्याच रकान्यात येत नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पैसे मिळतात घेतलेल्या तासाचे. एसटी-स्कूटरसारखा एक नेमका प्रश्न रचायला लागणारी संध्याकाळ त्याच्या पदरची. त्याला ‘नवोपक्रमशील व्हा’ असं सांगणाऱ्या कार्यशाळांचा मलाही तुमच्याइतकाच वैताग आहे.

पण ‘आपल्याकडे होणारच नाही’ असा तुमचा रोख असेल, तर तिथे मात्र मी सहमत नाही. आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या, शेकडो मुलांच्या वर्गात श्रीधर अय्यर, सहना मूर्ती आणि सहकाऱ्यांनी ‘आधी स्वतः विचार, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर’ ही पद्धत वापरून 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. या पद्धतीच्या वेळात सरासरी 83 टक्के मुलं कामात गुंतलेली होती. गुंतणं म्हणजे शिकणं नव्हे आणि आयआयटी म्हणजे तालुक्याचं कॉलेज नव्हे, हे मी आधीच लिहून टाकतो, नाहीतर तुम्ही लिहालच. पण वर्ग मोठा म्हणजे गोंगाटच, हे तरी त्यातून खोटं ठरतं. खर्चाचं म्हणाल तर हार्वर्डमध्ये शेजाऱ्याशी चर्चेची ही पद्धत रुजवणाऱ्या एरिक मेझर यांनीही मुलांची उत्तरं घ्यायला आधी साधी कार्डंच वापरली, उत्तर नोंदवायचे रिमोट मागून आले.

शिवाय आपल्याकडे एक सोय आहे जी व्हँकूव्हरकडे नाही. एका विद्यापीठाला संलग्न कितीतरी कॉलेजांत एकच अभ्यासक्रम चालतो. एफवायच्या यांत्रिकीवर चाळीस चांगले प्रश्न मराठी-इंग्रजीत एकदा तयार झाले, तर ते त्या सगळ्या कॉलेजांत चालतील आणि तासिकावाल्यांची संध्याकाळ वाचेल. चांगला प्रश्न रचण्यातला अवघड भाग असतो चुकीचे पर्याय. ते मुलांच्या डोक्यातूनच यावे लागतात, शिक्षकाच्या कल्पनेतून आलेले फसतात. तुम्ही लिहिलंत की वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांत मुलं त्याच त्या चुका करतात आणि त्या तुम्हाला तोंडपाठ आहेत. बल आणि गतीच्या प्रकरणातल्या तेवढ्या लिहून पाठवाल का? इथेच खाली लिहिल्यात तरी चालेल.