कव्हर एक, रेकॉर्ड दुसरी

रविवारी संध्याकाळी मन्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आला तो छातीशी चौकोनी पिशवी धरून. बारशाला बाळ आणतात तशी. शेजारी जागा होती, तरी पिशवी खाली ठेवेना.

"काय आणलंयस?" नानांनी विचारलं.

"पिंक फ्लॉइडची विश यू वेअर हिअर. नवीन प्रेसिंग. १८० ग्रॅमची रेकॉर्ड आहे, नाना."

"केवढ्याला?"

"साडेतीन हजार."

"म्हणजे किलोचा भाव काय पडला?" सुलूने शेंगदाण्याची पुडी उलगडत विचारलं.

शेख्या पॉलिटेक्निकला शिकवतो. त्याला असले प्रश्न गंमतीचे वाटतच नाहीत. त्याने मोबाइल काढून हिशोब केला. "एकोणीस हजार चारशे चव्वेचाळीस."

"काजू स्वस्त आहेत," सुलू म्हणाली.

खरं तर विषय निघाला होता तो मुंबईजवळ पुन्हा रेकॉर्डी छापायला लागलेत त्यावरून. नाना म्हणत होते की डमडमचा रेकॉर्डींचा कारखाना बंद पडल्यावर आपल्या हयातीत हे परत दिसेल असं वाटलं नव्हतं. पण मन्याने नेमकी हीच रेकॉर्ड आणल्यावर डमडम गेलं कलकत्त्याला आणि सगळ्यांनी सुलूकडे पाहिलं. कट्ट्याच्या जुन्या मेंबरांना कारण माहीत आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

१९८८ साली सुलूच्या काकांनी इंग्लंडहून आणलेली हीच रेकॉर्ड मन्या कॅसेट भरायला म्हणून घेऊन गेला. महिन्याने परत दिली. सुलूने दिवाळीत ती लावायला काढली, तर आत डिस्कोवाले बोनी एम. सूट घातलेली दोन माणसं हस्तांदोलन करतायत, एक जण पेटलेला आहे, असं ते सुप्रसिद्ध कव्हर. आणि आत लग्नाच्या हॉलमध्ये वाजतं ते बोनी एम. मन्या म्हणाला, माझी नाहीच ती, मी असलं ऐकत नाही. तेव्हा आमच्यातलं कोणीच असलं ऐकत नव्हतं. निदान कट्ट्यावर तरी. बोनी एम आणि अ‍ॅबा गणपतीच्या मांडवात वाजायचे. आम्ही रॉकवाले: डीप पर्पल, लेड झेपलिन आणि पिंक फ्लॉइडवाले. मीसुद्धा.

"कसं आहे," सुलू म्हणाली, "फ्लॉइडचा सिड बॅरेट बँडमधून गेला, त्याच्या गैरहजेरीवर बाकीच्यांनी हा आख्खा अल्बम केला. आमच्या मन्याने ते इतकं मनावर घेतलं की कव्हर ठेवलं आणि रेकॉर्डच गैरहजर केली."

"तू अजून तेच धरून बसलीयस?" मन्या.

"मी कुठे धरून बसलेय? तू धरून बसलायस. पिशवी खाली ठेव की."

मन्याने विषय बदलला. म्हणजे त्याच्या आवडत्या विषयावर आला. रेकॉर्डचा आवाज कसा उबदार असतो, डिजिटल कसं कोरडं, रेकॉर्डमध्ये कसा 'आत्मा' असतो. हे तो गेली दोन वर्षं सांगतोय. आधी सायकलीतल्या कार्बन फ्रेमला आत्मा होता. त्याच्या आधी कॉफीला.

"प्लेयर कुठला घेतलास?" नाना.

"टॉपचा आहे, नाना. वायरबियरची भानगडच नाही. ब्लूटूथ."

शेख्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"थांब, थांब. सुईने उचललेला आवाज ब्लूटूथने स्पीकरला जातो, बरोबर? म्हणजे प्लेयरच्या पोटातच त्याचं डिजिटल होतं, वर तो दाबून लहान केला जातो. समजलं का?" शेख्या दर वाक्याला 'समजलं का' म्हणतो, बायकोलाही. "साडेतीन हजारांची रेकॉर्ड घ्यायची, खोबणीतून आवाज काढायचा आणि वाटेत त्याची कॉम्प्रेस केलेली फाइल करून ऐकायची. फुकट मोबाइलवर काय वाईट होतं?"

"उसाचा रस काढून त्याची पावडर करायची आणि ती पाण्यात घालून प्यायची," सुलूने भाषांतर केलं.

शेख्याला आता कोण थांबवणार! मन्याची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड म्हणजे डायर स्ट्रेट्सची ब्रदर्स इन आर्म्स, ती १९८५ साली डिजिटलवरच ध्वनिमुद्रित झालेली. वर सीडीवर पूर्ण असलेली गाणी एलपीवर मावेनात म्हणून कापली. 'व्हाय वरी' तर तीन मिनिटं छाटलंय. मग तो २०२२ वर आला. मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी 'मूळ मास्टर टेपवरून' म्हणून महागड्या रेकॉर्डी विकायची. मध्ये एक डिजिटल पायरी होती हे बाहेर फुटलं आणि लोक कोर्टात गेले.

"पण फुटेपर्यंत काय?" शेख्या म्हणाला. "हेच कानवाले त्या रेकॉर्डींना डिजिटलचा स्पर्श नाही म्हणून नावाजत होते. एकाच्याही कानाला कळलं नाही. समजलं का?"

मन्याचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण शेख्या जिंकला की तो जिंकतच राहतो. मग त्याने अमेरिकेतले आकडे काढले. २०२२ मध्ये तिथे ४ कोटी १० लाख रेकॉर्डी खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख, १९८७ नंतर पहिल्यांदाच असं झालं. आणि पुढच्याच वर्षीच्या एका पाहणीत रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच प्लेयर होता.

"निम्मे लोक पुठ्ठा विकत घेतायत," शेख्या म्हणाला.

"मग घेऊ देत की," सुलू म्हणाली. "पुठ्ठा चांगला असतो."

इथे शेख्या गडबडला. सुलू आपल्या बाजूची आहे असं तो धरून चालला होता.

"अरे, रोलिंग स्टोन्सच्या स्टिकी फिंगर्सच्या कव्हरला खरी चेन होती. पँटची. गठ्ठ्यात ठेवली की वरच्या रेकॉर्डीला खड्डा पडायचा. मग कंपनीने काय केलं? चेन अर्धी उघडूनच पाठवायला लागले, म्हणजे खड्डा पडला तर मधल्या लेबलवर पडेल. एका कव्हरसाठी माणसं इतकी डोकी खपवत होती. तुझ्या मोबाइलवर ते नखाएवढं दिसतं."

"मी आवाजाबद्दल बोलतोय."

"आवाजाबद्दल तुझं बरोबर आहे. मन्याचा आवाजबिवाज थापा आहेत." तिने पुडी नानांकडे सरकवली. "पण बाबा फ्लॉइडचीच डार्क साइड लावायचे ना, तर पहिली बाजू संपते ती त्या बाईच्या आलापावर. गाण्यात शब्दच नाहीत, नुसता गळा. मग सुई उचलली जायची. बाबा चष्मा काढून पुसायचे. आई म्हणायची, झालं का रडून? मग ते उठून रेकॉर्ड उलटी करायचे आणि मग नाणी वाजायची, 'मनी' गाणं सुरू. मधलं ते चष्मा पुसणं माझ्यासाठी त्या अल्बममधलंच गाणं आहे. आता मोबाइलवर बाई थांबते न थांबते तोच नाणी खळखळतात. उठावंच लागत नाही कुणाला."

शेख्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटतं एवढं खूप झालं.

नाना इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "सत्तरच्या दशकात एक नवी रेकॉर्ड म्हणजे चैन होती. चौघांत काढायचो. चार आठवडे चार घरी. ज्याच्या घरी ओरखडा पडला त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची." मग त्यांनी बीटल्सच्या भारतात निघालेल्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डींचं सांगितलं. बाकी जगाने ७८ सोडून दिल्या होत्या तेव्हा आपल्याकडे साठीच्या दशकात अजून निघत होत्या, कारण घरोघरी चावीचे ग्रामोफोन. आज जगभरचे संग्राहक त्यांच्यावर पैसे ओततात. नानांच्या मामांकडे तशा होत्या. मामीने त्यांवर पापड वाळत घातले.

मग अर्थातच 'स्लिप डिस्क' क्लब. १९७२ साली झेपलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत होते आणि कुलाब्याच्या त्या क्लबात एका रात्री वाजवून गेले, हा इतिहास आहे. नाना तिथे होते, हाही इतिहास आहे; नानांचा.

"नाना, ती जागा केवढी होती हो?" सुलूने विचारलं.

"लहानच. का गं?"

"नाही, मी तिथे होतो म्हणणारी शंभरेक माणसं मला एकट्या दादरमध्ये भेटलीयत."

नाना सगळ्यात मोठ्याने हसले. खरं काय ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मन्याला वाटलं सावरायला हीच वेळ बरी. त्याने पिशवीतून रेकॉर्ड काढली. वरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. "सुलू, ही तुझ्यासाठीच आणलीय. घे. मिटव आता."

क्षणभर सगळे गप्प. सुलूने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"नको. मला काकांची हवी. तिच्यावर दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच एक टक् होतं. ते यात नाही. आणि भांडण कशाला मिटवू? इतकं टिकाऊ दुसरं काय आहे आपल्याकडे? तू मला लिंक पाठवली असतीस तर आपण कशावरून भांडलो असतो?"

"पण ती माझ्याकडे नाहीये गं, आईशप्पथ! मी काय केलं असेन? प्लेयर गिरगावात मामाकडे होता. सगळ्यांच्या रेकॉर्डी एकदम नेल्या, एका रात्रीत सगळ्या टेप केल्या, सकाळी..."

"सगळ्यांच्या म्हणजे?" शेख्या. पॉलिटेक्निकमध्ये कॉपी पकडायची सवय.

"म्हणजे सुलूची, तुझी ती पर्पलची, आणि..." मन्या थांबला. हळूहळू त्याची मान वळली. माझ्याकडे.

मी सायकलवरच्या चहावाल्याला हाक मारली. पाच कटिंग म्हटलं.

"तू दिली होतीस ना रे एक? ताईच्या लग्नात वाजवायला आणलेली?"

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. हो. दिली होती. त्या वर्षी दिवाळीत सुलूने बोनी एम बाहेर काढून विचारलं, कुणाची आहे ही, तेव्हा मी म्हणालो होतो, शी! आणि अजून चार शब्द जास्तच बोललो होतो.

"थांबा हं," शेख्या म्हणाला. "याची रेकॉर्ड सुलूच्या कव्हरात गेली. तर मग सुलूची कुठे जाईल? समजलं का?"

समजलं. सगळ्यांना एकदमच समजलं.

"तुझं बोनी एमचं कव्हर कुठाय?" सुलूने विचारलं. आवाज अगदी गोड. भीती वाटण्याइतका.

"माळ्यावर."

"उघडून कधी बघितलंस?"

"प्लेयर ९३ मध्ये विकला."

"निम्म्यांकडेच असतो," शेख्या म्हणाला आणि कट्ट्यावरून जवळजवळ खाली पडला.

"म्हणजे मी इतकी वर्षं फुकट शिव्या खाल्ल्या!" मन्या उभाच राहिला.

"अदलाबदल तूच केलीस ना, गाढवा! खाल्ल्यास त्या बरोबर खाल्ल्यास. याच्या आता सुरू होतील." ती माझ्याकडे वळली. "उद्या आठ वाजता. रेकॉर्ड घेऊन ये. आणि ताईलाही विचार, तिला तिची परत हवीय का."

चहा आला. पैसे मीच दिले, कुणी नको म्हटलं नाही. मन्या साडेतीन हजारांची रेकॉर्ड पुन्हा छातीशी धरून बसला होता. तेवढ्यात नानांनी गुडघ्यावर ताल धरला आणि तोंडाने बोनी एमच्या 'डॅडी कूल'चा बेस सुरू केला. बाहत्तराव्या वर्षी, अगदी सुरात.

पुढची ओळ सगळ्यात आधी मीच उचलली. सगळी पाठ होती.