आधी बेगल बघा, मग आतलं

एका लेखात वाचलं की बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) सँडविच आतल्या सारणावरून जोखावं, मला हे अजिबात पटलं नाही. आधी बेगल बघा ना! खरा बेगल भट्टीत जायच्या आधी उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट टाकतात, त्याने वरचा स्टार्च तिथेच शिजतो आणि मग ती चकचकीत साल आणि आतला चिवटपणा येतो. उकळला नसेल तर तो नुसता भोकाचा पाव.

परवा जवळच्या बेगल शॉपमध्ये दोन सँडविचेस घेतली. अंडं-चीजवालं मस्तच, बेगल इतका ताजा की टोस्ट करायची गरजच नव्हती, दाबला की हळूहळू परत वर येत होता. पण सॅल्मन माशाच्या सँडविचमध्ये क्रीम चीज एवढं थापलेलं की पहिल्याच घासाला सगळं मधल्या भोकातून बोटांवर, आणि केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या) मोजून तीन! सॅल्मनची चव लागलीच नाही हो, वाईट वाटलं.

आणि लॉक्स म्हणजे स्मोक्ड सॅल्मन नव्हे, लॉक्ससाठी सॅल्मन फक्त मिठात मुरवतात, धूर देत नाहीत, म्हणून ते जास्त खारट लागतं, लेखात दोन्ही एकच धरलंय. पुढच्या वेळी क्रीम चीज कमी सांगून परत ते सॅल्मनवालंच घेणारे.