रावणापेक्षा दोन सेंटिमीटर बुटकी

मान अजून धरलेलीच आहे. रविवारी एका गल्लीतून ४०० मीटर उलटं यावं लागलं, आणि गाडी मेहुणा चालवत असल्यामुळे मागे वळून बघण्याचं काम माझ्याकडे आलं. गल्ली फोंडा तालुक्यातली. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, गडग्यांपलीकडे माड-पोफळींचं कुळागर. गाडी म्हणजे भाड्याची कॅम्पर व्हॅन. बिछाना, शेगडी, संडास आणि टपावर एसी घेऊन पुण्याहून आलेली. एवढं घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या प्राण्याला आपण गोगलगाय म्हणतो. पण गोगलगायीला रिव्हर्स घ्यावा लागत नाही.

"नकाशाचं मी बघतो" असं मीच म्हणालो होतो. घरात हे वाक्य आता म्हणीसारखं वापरतात. काल भात करपला तेव्हाही कोणीतरी ते म्हणालं.

जायचं होतं केरीला, विजयादुर्गेच्या देवळात. गोव्यात केरी तीन. देवीची केरी फोंड्यात. दुसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. तिसरी पेडण्यात समुद्राकाठी, जिथून तेरेखोलची फेरीबोट सुटते ती. बेळगावहून चोर्ला उतरणाऱ्याला आधी सत्तरीची भेटते, आणि "आलीच की केरी" म्हणून तो चहा सांगतो. मेहुण्याने सांगितला. रोमन लिपीत तर आणखी गंमत. पोर्तुगीजांनी मागे ठेवलेल्या स्पेलिंगच्या शेवटी जो 'एम' येतो तो नाकातल्या नाकात म्हणायचा असतो. फोनातली बाई तो ओठ घट्ट मिटून म्हणते. सांक्वेलिम, क्वेपेम, बिचोलिम. साखळी, केपें, डिचोलीत जन्म घालवलेल्या माणसाला आपण कुठल्या देशात आलो असं वाटायला लागतं. म्हणून गोव्यात गावाचं नाव टाइप करून कधी निघू नये. नकाशावर देवळाच्या नेमक्या जागी बोट दाबून धरावं, अक्षांश-रेखांश किंवा प्लस कोड (गूगलचा त्या जागेचा छोटा सांकेतिक पत्ता) घ्यावा, तालुका बघावा, आणि तोच ठिपका गाडीतल्या सगळ्या फोनांवर पाठवावा. नाहीतर एकाच गाडीतले तीन फोन तीन केऱ्यांना निघतात.

आता रस्ता दाखवणाऱ्या साधनांबद्दल. हा विषय मला येतो, आणि रविवारपासून मला कोणी तो विचारत नाही.

अमेरिकेत असल्या गाड्यांसाठी, तिकडे त्यांना आरव्ही म्हणतात, वेगळी साधनं मिळतात. गार्मिनची आरव्ही मालिका घ्या, नाहीतर आरव्ही लाइफसारखं अ‍ॅप घ्या. उंची, रुंदी, लांबी, वजन, सोबत गॅसची टाकी आहे का, एवढं भरलं की ठेंगणे पूल आणि गॅसला बंदी असलेले बोगदे वगळून रस्ता निघतो. तिकडे ती चैन नव्हे. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅम गावी ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वेपूल होता. ट्रकांची टपं सोलण्यात त्याने एवढं नाव कमावलं की २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंचांवर नेला. टपं त्यानंतरही सोलली जातात. हुशारी त्या यंत्रात नसते, त्याच्या मागच्या उंचीच्या तक्त्यात असते. तो तक्ता तिकडे वर्षानुवर्षं कोणीतरी भरत आलंय. आमच्या गडग्यांची मापं त्यात कोण भरणार?

इकडे गूगल मॅप्स रहदारी कळायला आणि वाटेत काय बंद आहे ते बघायला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात गाडीची उंची सांगायला जागाच नाही. त्याच्या लेखी आल्टो आणि आमची व्हॅन सख्ख्या बहिणी. दुचाकीचा पर्याय मात्र वेगळा आहे, २०१७ पासून. तेव्हा निघण्याआधी वरच्या पट्टीत मोटरसायकलचं चित्र निवडलेलं नाही ना, हे एकदा बघा. दुचाकीची वाट बांधांवरून, मागच्या दारांवरून कुठूनही जाते. मेहुणा पुण्यात स्कूटर चालवतो. एवढंच लिहितो, कारण तो हे वाचणार आहे.

फेऱ्याही टाळा असं सेटिंगमध्येच सांगून ठेवावं. नकाशाला फेरी म्हणजे रस्त्याचाच तुकडा वाटतो. दिवाडीला पूल नाही, फेरीनेच जावं लागतं, आणि छोटी गाडी आरामात जाते. पण ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार उभा होतो आणि लांब गाडीची मागची लोंबती बाजू जमिनीला घासते. आमच्या मागच्या लोंबत्या बाजूत संडासाची टाकी होती. पुढचं सांगत नाही.

माझी सगळी भिस्त होती ऑस्मअँड या अ‍ॅपवर. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला नकाशा, नेटवर्क नसतानाही चालतो. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक असे तुकडे आधी उतरवून ठेवायचे. चोर्ल्याच्या जंगलात नेटवर्क जातं, त्यामुळे हे बेळगावच्या अलीकडेच उरकायचं. रस्ता घरी संगणकावर आखून त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेली वाट साठवलेली फाइल, फोनात टाकली तर आणखी बरं. वाटेत "चार मिनिटं वाचतील" म्हणून तो परस्पर बदलत नाही. आणि मुख्य म्हणजे यात गाडीची मापं भरायला जागा आहे.

ही मापं ब्रोशरमधली घेऊ नयेत. ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाची असतात, टपावर एसी नंतर चढतो. सपाट जागा बघावी, चाकांत हवा पूर्ण, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, कारण रिकामी गाडी जास्त उंच उभी राहते. टपावरच्या सगळ्यांत उंच टोकावर सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्या शेवटापासून जमिनीपर्यंत टेप सोडावी. आमची व्हॅन कागदावर २.६८ मीटर, टेपेवर २.९५. रुंदी कागदावर २.०५, आरसे धरून २.५०. उंचीत वरकड १५ सेंटिमीटर धरून मी ३.१० भरले. हे सगळं मी शनिवारी रात्री टॉर्च लावून केलं. मेहुणा तेव्हा सोलकढी पीत होता.

तरी अडकलो. कारण ऑस्मअँड फक्त लिहिलेली बंधनं पाळतं. एखाद्या रस्त्यावर उंचीची नोंदच नसेल, तर त्याच्या हिशेबी वर थेट आभाळ.

बरं, उपग्रहचित्रही बघितलं होतं. संगणकावर राइट क्लिक करून अंतर मोजायची सोय असते, तिने शेवटच्या किलोमीटरची रुंदी मोजावी. एकपदरी रस्ता पुस्तकात ३.७५ मीटर, कमी वर्दळीचा असला तर ३. आमचे अडीच त्यात बसतात. फक्त कुळागरात वरून दिसतात ती माडांची आणि पोफळींची डोकी. रस्ता त्यांच्याखाली बुडी मारतो आणि पलीकडे निघतो. जिथे मोजायची गरज, नेमकं तिथे हिरवं. आणि तारा तर कुठल्याच चित्रात दिसत नाहीत.

तर बुडी मारली. दुसऱ्या वळणावर एक घर, घराला सोपा, सोप्यावर गंजीफ्रॉकातले एक आजोबा, हातात अडकित्ता. पुढे दहा पावलांवर रस्ता ओलांडून गेलेली केबलांची मोळी. एक टीव्हीची, एक इंटरनेटची आणि एक कोणाचीच नसलेली.

"रावा!" आजोबा म्हणाले. आम्ही थांबलो.

"खंय वतात?"

"देवळात. विजयादुर्गेच्या."

"कोणागेले तुमी?"

गोव्यात या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा रस्ता कळत नाही. मी आजोळ सांगितलं. पाच मिनिटं वंशावळ झाली. माझ्या आईचा एक चुलत मामा त्यांच्या वर्गात होता आणि गणितात दोनदा बसला होता, अशी माहिती मिळाली. मग आजोबांनी गाडी खालून वरपर्यंत बघितली.

"रावणापरस उंच आसा?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"शिगम्याक आमचो रावण हांगाच अडकल्लो," त्यांनी अडकित्त्याने केबलांकडे बोट केलं. वाड्याने शिगम्याला चित्ररथ काढला होता. ट्रकाच्या हौद्यात सिंहासन, त्यावर दहा तोंडांचा रावण, मधल्या तोंडावर मुकुट. जमिनीपासून मुकुटाच्या टोकापर्यंत पावणेसात हात, हे माप आजोबांनी स्वतः घेतलेलं. तो इथे अडकला. मुकुट काढला, सहा हात राहिला, मग पास झाला. "फोंड्यांत पावलो तो टकलो रावण," ते म्हणाले. जखम जुनी नव्हती.

"तुमची कितले हात?"

"२.९५ मीटर."

"हात सांग."

पुस्तकी हात दीड फुटाचा. पण रावण पुस्तकी हाताने मोजलेला नव्हता. खिशातली टेप काढून मी आजोबांचा हात मोजला, कोपरापासून सुपारीने तांबूस झालेल्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. ४४ सेंटिमीटर. गव्हर्नरशी हस्तांदोलन करायला धरावा तसा त्यांनी तो माझ्यापुढे धरला होता. पावणेसात गुणिले ४४ म्हणजे २.९७. आम्ही २.९५.

"दोन सेंटिमीटर कमी!" मी ओरडलो. "आम्ही रावणापेक्षा बुटके आहोत!"

"भाऊजी," मेहुणा आतून म्हणाला, "तो रावण अडकला होता."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आईच्या चुलत मामाकडे वर्गात असंच बघत असावेत. "रावण कागदाचो," ते समजावत म्हणाले. "तो वांकलो. तुमची वांकतली?" आणि शिगम्याला तार एकच होती, आता तीन आहेत. "मुकुट काडा," त्यांनी एसीकडे बोट दाखवून निकाल दिला.

"तो मुकुट नाही, एसी आहे. बारा बोल्टांवर बसवलाय."

"रावणाक सुतळी आशिल्ली."

तेवढ्यात फोनातली बाई म्हणाली, सहाशे मीटर सरळ जा. आजोबा खिडकीतून आत वाकले आणि तिला म्हणाले, "बाये, तूं येवन पळय." म्हणजे, तूच येऊन बघ.

बांबूने केबल उचलून धरायची तयारी त्यांनी दाखवली. मी नको म्हणालो. असली मोळी कधीच उचलू नये, त्यातल्या कुठल्या तारेत वीज आहे ते खालून कळत नाही. मग उलटं यायचं ठरलं. मागे सायकलवर पाववाला पोदेर उभा होता. पुढे जाता येईना, मागे जायचं नाही, म्हणून त्याने भोंगा वाजवून तिथेच पाव विकायला सुरुवात केली, आणि गिऱ्हाइकं आली म्हणून आम्ही आणखी दहा मिनिटं थांबलो. मेहुण्याने सहा पोळी, म्हणजे कोंड्याचे पाव, घेतले. आजोबा अडकित्ता वर धरून पुढे, म्हणजे आमच्या मागे, चालत होते. रथ निघाला होता, फक्त उलटा.

इथून पुढे मला हसू येत नाही. रेल्वेच्या पुलाखाली उंचीची पाटी असते, आधी लोखंडी कमानही असते. गावातल्या रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या केबलला ना पाटी ना मालक. खांबवाला म्हणतो केबल आमची नाही, केबलवाला म्हणतो खांब आमचा नाही. पावसाळ्यात एखादी फांदी पडली की ती आणखी हातभर खाली येते आणि तिथेच राहते. पुढे कोणाची तरी रुग्णवाहिका येईल तेव्हा तिथे कोण अडकित्ता घेऊन बसलेलं असेल? पर्यटक हवेत, त्यांच्या कॅराव्हॅन हव्यात, आणि असली गाडी वळवायची कुठे असं विचारलं की सगळे देवळाच्या पटांगणाकडे बोट दाखवतात. तिथवर पोचलो असतो तर वळवलीच असती.

दर्शन झालं. हमरस्त्याला गाडी लावून रिक्षाने गेलो. रिक्षावाल्याने विचारलं, केरी कुठली?

रात्री ओपनस्ट्रीटमॅप उघडून तो रस्ता शोधला आणि वळणाजवळचा तुकडा वेगळा केला. उंची लिहायचे तिथे दोन प्रकार. 'मॅक्सहाइट' म्हणजे पाटीवर लिहिलेली. पाटी नाही. 'मॅक्सहाइट फिजिकल' म्हणजे प्रत्यक्ष मोकळी. सहा हात म्हणजे २.६४ पास झाले, २.९७ अडकले, मधलं देव जाणे, शिवाय तारा आता दोन जास्त. २.६ लिहिलं. ऑस्मअँडचे नकाशे महिन्यातून एकदा नवे होतात, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी फोनात ते उतरेल.

शेवटी माहितीचा स्रोत विचारतात. तयार पर्याय असतात, 'सर्व्हे', 'स्थानिक माहिती' वगैरे. बराच वेळ बोट 'सर्व्हे'वर होतं. टेप माझी होती, गुणाकार माझा होता. मग 'स्थानिक माहिती' निवडली, टिप्पणीत 'मुकुटाविना' असं लिहिलं आणि सेव्ह दाबलं.