आमच्या गंगेतून होडी जाईल का?

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर, टॉरम्बरीच्या बंधाऱ्याशेजारी सिमेंटची एक लांबट खोली आहे, दोन्ही टोकांना दारं असलेली. आम्ही आमची कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, तिच्यात नेली, मागचं दार लागलं आणि भिंतीला धरून बसलो. खालचं पाणी हळूहळू उतरू लागलं. हिरवी, बुळबुळीत भिंत शेजारून वर सरकत गेली. मग पुढचं दार उघडलं. दोन माणसं, एक कनू, एक तंबू आणि तांदळाची पिशवी, एवढ्यासाठी तो बंधारा आम्हाला वाट देत होता.

या नदीत इचुका ते स्वान हिल हे सुमारे 300 किलोमीटर अंतर आम्ही नवरा-बायकोने नऊ दिवसांत कापलं. दिवसभर वल्हवायचं आणि संध्याकाळी काठावर तंबू ठोकायचा. काठावरच्या रेड गम झाडाच्या फांदीखाली मात्र झोपायचं नाही, वारा नसतानाही ती कडाडून कोसळते.

माझं गाव शहागडच्या अलीकडे, बायकोचं माहेर गंगाखेडचं. गोदावरीला आम्ही दोघंही गंगाच म्हणतो. तिसऱ्या रात्री शेकोटीपाशी आम्ही पैठणपासून गंगाखेडपर्यंतचे बंधारे बोटांवर मोजले. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल. नऊ झाले. एकातूनही होडी पार जात नाही. मधल्या पात्रात उन्हाळ्यात वाळूही उरत नाही, उपशाचे खड्डे उरतात. त्या वाळूत आमच्या लहानपणी टरबुजांच्या वाड्या असायच्या.

गावाकडचं भांडण फोनवरून रोज कानावर येतं. पैठणच्या जायकवाडी धरणात 15 ऑक्टोबरला 65 टक्के पाणी नसेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून सोडायचं की नाही? 2005च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं, तरी दर तुटीच्या वर्षी मोर्चे निघतात आणि कोर्टात धाव घेतली जाते. आता तो 65चा आकडाच खाली आणायच्या शिफारशीवरून मराठवाडा चिडला आहे. हा राग रास्त आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. पण या सगळ्या वादात पाणी एका धरणातून निघतं आणि दुसऱ्या धरणात पोचतं. पैठणच्या खाली नदीत किती राहावं, हे कुणीच मागत नाही. आपणही मागत नाही.

ऑस्ट्रेलियात असंच भांडण आहे. वरच्या राज्यांत कापूस, भात, द्राक्षं आणि टोकाला दक्षिण ऑस्ट्रेलिया, अगदी आपल्यासारखा हात पसरून. 2012च्या आराखड्यात त्यांनी ठरवलं, की मरे-डार्लिंग खोऱ्यातलं वर्षाला 2,750 गिगालिटर पाणी सिंचनाकडून परत मिळवून नद्यांसाठी ठेवायचं. आपल्या मापात साधारण 97 टीएमसी, म्हणजे जवळजवळ अख्खा नाथसागर, जायकवाडीचा जलाशय. सरकारने शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क पैसे मोजून विकत घेतले. त्यावर लोक खवळले, आराखड्याच्या मसुद्याच्या प्रती जाळल्या. आणि एवढं करूनही 2018-19च्या उन्हाळ्यात मेनिंडीजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मेले. तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. पण नदी हीसुद्धा पाण्याची एक हक्कदार आहे, हे तिथे कायद्याने लिहून ठेवलंय. हे मला फार मोठं वाटतं.

दादाला, माझ्या चुलत भावाला, हे फोनवर सांगितलं. तो चार एकरांचा धनी. म्हणाला, "आरं, मोसंबी जळायलीय आन् तू गंगंला पाणी सोड म्हणतोस?" मी गप्प झालो. जळणाऱ्या बागेपुढे कुठलाही आराखडा तोकडा पडतो. पण थोड्या वेळाने तोच बोलला, की नदी वाहती होती तोवर त्याची विहीर मे महिन्यातही आटत नव्हती. आता बोअर किती खोल नेलं, ते सांगायलाही त्याला नको वाटतं.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. वरून सोडलेल्या पाण्याचा एक वाटा, थोडा का होईना, बाराही महिने पात्रातून खाली जाऊ द्यावा आणि तो कागदावर आकड्यात लिहावा. उसाच्या वाट्यातून काढा. मोसंबीच्या किंवा प्यायच्या पाण्याला हात लावू नका. मराठवाड्याने 65 टक्क्यांसाठी लढावंच, पण आलेल्या पाण्यात आपली गंगाही वाटेकरी आहे, हे आधी आपण मान्य करावं. नाशिककरांपुढे तेव्हा आपलं म्हणणंही अधिक खरं ठरेल.

दिवाळीत आम्ही गावी येतोय. पैठणहून शहागडपर्यंत, जिथे पाणी असेल तिथे भोयांच्या चप्पूवरून आणि नसेल तिथे पात्रातून पायी, असं ठरवलंय. दादाला विचारलं तर म्हणाला, "भाकरी मी बांधून घेतो. तू पाय घेऊन ये."