‘गरिबाने चलान भरूच नये’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रिक्षा स्टँडपासून डिलिव्हरीवाल्या पोरांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एक मेसेज फिरतोय. मेसेज लांबलचक आहे, पण मुद्दे पाचच. सहा महिने झाले की ई-चलान आपोआप रद्द होतं. नाहीच झालं तर लोकअदालतीत पंचाहत्तर टक्के माफ होतात. रस्त्यात कोणालाही तुमची गाडी किंवा लायसन घेण्याचा अधिकार नाही. कोर्टाचा कागद आला तरी जाऊ नका, पैसे नसले तर आत टाकतात. आणि शेवटी, सवलतीसाठी खालच्या लिंकवर अर्ज करा.

हा मेसेज इतका का पसरतो, हे कळायला फार डोकं लागत नाही. दंड माणसाची कमाई बघून ठरत नाही. सिग्नल तोडला तर चाळीस लाखांच्या गाडीवाल्याला जो आकडा, त्याच चुकीला दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्यालाही तोच. एकाच्या तो लक्षातही येत नाही, दुसऱ्याच्या घरातला गॅस लांबतो. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याच्या रागाशी माझं भांडण नाही. भांडण सल्ल्याशी आहे, कारण तो ऐकणारा माणूस पाचशेच्या अडचणीतून निघून पाच हजारांच्या अडचणीत जातो.

सहा महिन्यांची गोष्ट आधी घेतो, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ती जास्त फसवते. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, असा मुदतीचा नियम खरोखर आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८मध्ये होता, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४मध्ये आहे. पण ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, त्याची मुदत एक वर्ष. विनालायसन गाडी चालवणं (मोटार वाहन कायद्याचं कलम १८१) आणि विमा नसणं (त्याच कायद्याचं कलम १९६), दोन्हींत तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे खिशाला सगळ्यात जास्त झोंबणारी चलानं सहा महिन्यांच्या हिशेबात बसतच नाहीत. उशिराचं कारण पटलं तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं, हेही त्याच प्रकरणात लिहिलंय.

त्याहून महत्त्वाचं, हा नियम कोर्टाला बांधतो, कॉम्प्युटरला नाही. मुदत संपली म्हणून वाहतूक पोलिसांच्या यादीतून चलान आपलं आपण पुसलं जात नाही. मुदतीचा मुद्दा कोर्टापुढे कोणीतरी मांडावा लागतो. तोवर ते ‘थकीत’ म्हणून गाडीच्या नंबराला चिकटून राहतं आणि तुमचं आरटीओत काम निघालं की समोर येतं. गाडी विकून नाव बदलायचं असो, कर्जाचा बोजा उतरवायचा असो, रिक्षा-टेम्पोचं पासिंग असो. खासगी दुचाकीवाला हे काही वर्षं टाळू शकेल. रिक्षावाल्याला ती सोय नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्याला पासिंगला जावंच लागतं. तिथे काउंटरवर मुदतीचं कलम सांगून उपयोग नसतो, ‘आधी थकबाकी क्लिअर करा’ एवढंच उत्तर मिळतं. एकेक करून भरता आली असती ती चलानं मग एकाच दिवशी भरावी लागतात. त्या दिवशी गाडीही उभी, म्हणून धंदाही नाही. अशा वेळी माणूस ज्याच्याकडून उसने घेतो, त्याच्या व्याजाचा दर कुठल्याच राजपत्रात छापलेला नसतो.

पंचाहत्तर टक्के माफीचा आकडा हवेतून आलेला नाही, फक्त तो दुसऱ्या राज्यातला आहे. तेलंगणाने २०२२मध्ये दुचाकींच्या थकीत चलानांवर पंचाहत्तर टक्के सूट दिली होती, २०२३च्या अखेरीस पुन्हा एकदा सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३मध्ये निम्मी रक्कम माफ केली. हे त्या त्या सरकारांचे ठरावीक दिवसांपुरते आदेश होते. लोकअदालत हा वेगळा प्रकार आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली ती भरते आणि तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते. किती टक्के सोडायचे, हे त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. रक्कम कमी होऊ शकते, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण तर तिथे मिटतच नाही, कारण तो तडजोडीचा गुन्हाच नाही.

तरीही लोकअदालतीला जा, असंच मी म्हणेन. फी लागत नाही, आणि हातात काही नसलेल्या माणसाला बोलणी करायला मिळतील अशा जागा मुळात कमी. राष्ट्रीय लोकअदालतीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला ठरतात, जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारलं तर सांगतात. मात्र तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. चलान चुकीचं आहे असं वाटत असेल तर तडजोडीवर सही करण्याआधी विचार करा. पैसे भरले की पावती घ्या आणि काही दिवसांनी वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर ते चलान खरंच निघालं का ते बघा.

रस्त्यावरच्या अधिकारांबद्दलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७खाली गाडी ताब्यात घेता येते ती लायसन, नोंदणी किंवा परमिट नसल्यासारख्या कारणांवरून. जुनं चलान थकलंय, हे कारण त्या कलमात नाही. पण लायसनचं तसं नाही. वेगमर्यादा, धोकादायक ड्रायव्हिंग, हेल्मेट अशा गुन्ह्यांत ते जप्त करून आरटीओकडे पाठवण्याचा अधिकार कलम २०६ देतं. तेव्हा त्याची पोच मागून घ्या, ती द्यावीच लागते. हेल्मेट नसेल तर दंडासोबत लायसन तीन महिने निलंबित होऊ शकतं, आणि निलंबित असताना गाडी चालवली तर कलम १८२चा दंड १०,००० रुपये. ज्याचं पोटच दुचाकीवर आहे त्याच्यासाठी खरी शिक्षा ही आहे. मेसेजमध्ये तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

आता कोर्ट. इथला सल्ला नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे. कोर्टात गेलं म्हणून लगेच कोणी आत टाकत नाही. समन्स बजावूनही गैरहजर राहिलं तर वॉरंट निघू शकतं, आणि भीती असलीच तर त्याची असावी. दंड झाला आणि जागेवर भरायला पैसे नसले तर काय, याचं उत्तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४मध्ये आहे. कोर्ट तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता तीस दिवसांच्या आत, पुढच्या हप्त्यांमध्येही तीस दिवसांहून जास्त अंतर नाही. त्यासाठी बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, द्यावी लागते. ही सवलत मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतःहून देतील असं धरून चालू नका. ‘साहेब, रोजची कमाई इतकी, घरात खाणारे इतके, हप्ते मिळावेत’ हे आपण बोलायचं. घाबरून गप्प उभं राहिलेल्याला हप्ते हवेत, हे कोणाला कसं कळणार?

वकील परवडत नसेल तर १५१०० या हेल्पलाइनवर किंवा तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मिळकत न बघता मोफत वकील मिळू शकतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

फक्त हप्त्यांसाठी म्हणून हेल्मेटचं चलान कोर्टात न्यायचं का? मी नेणार नाही. केंद्राच्या कायद्यात त्याला १,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१पासून तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरायची रक्कम, ५०० ठेवली. कोर्टात दोषी ठरलात तर कायद्यातला आकडा लागू शकतो. चौकातल्या हवालदाराशी घासाघीस करण्यातही अर्थ नाही, तडजोडीची रक्कम सरकारी अधिसूचनेने ठरते. त्यापेक्षा पोर्टलवर चलानं सुटी सुटी दिसतात, त्यातलं या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात एक असं भरा. कोर्टाची पायरी न चढता हप्तेच झाले.

पण भरण्याआधी प्रत्येक चलानाचा फोटो उघडून बघा. नंबर प्लेटवरचा एक आकडा चुकीचा वाचला गेलेला असू शकतो. दोन वर्षांपूर्वी विकलेली, पण मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० न भरल्यामुळे अजून तुमच्याच नावावर असलेली गाडीही असू शकते. चूक दिसली तर पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करा. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. एकदा भरल्यावर ‘ती गाडी माझी नव्हती’ म्हणून काही हाती लागत नाही.

राहिली ती शेवटची लिंक. चलानाच्या सवलतीसाठी कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (म्हणजे अ‍ॅप इन्स्टॉल करणारी) फाइल पाठवत नाही. ‘आरटीओ चलान’ नावाच्या अशा फाइली इन्स्टॉल केल्या की फोनवरचे मेसेज वाचण्याची परवानगी समोरच्याच्या हातात जाते आणि बँकेचे ओटीपीही त्यातच येतात. फाइल उघडली गेली असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर जमेल तितक्या.