नऊ हजार सायटेशन आणि मामांची गोळी

मामांनी साखरेची गोळी बंद केलीय हे घरात तीन आठवडे कुणाला माहीत नव्हतं. उपाशीपोटीची साखर 268 आली तेव्हा मामींचा फोन आला. "तुझ्या मामाला तूच सांग. तू त्यातलाच हायस न्हवं?" त्यातला म्हणजे औषधनिर्माणशास्त्र शिकवणारा. रविवारी सांगली गाठली. मामांनी चष्मा चढवला, मोबाईल पुढं केला आणि म्हणाले, "आधी हे वाच, मग बोल."

वाचायची गरज नव्हती. तोच मेसेज मला चार ग्रुपांवर आला होता. त्यातला एक ग्रुप तर नुसत्या फार्मसीच्या प्राध्यापकांचा, आणि तिथंही लोकांनी हात जोडून ठेवलेत! ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्या मातीतल्या एका औषध-रसायनशास्त्रज्ञाचा स्टॅनफर्ड विद्यापीठानं जगातल्या पहिल्या 2 टक्के शास्त्रज्ञांत निवड करून सन्मान केला. त्यांचा एच-इंडेक्स 45. त्यांचे 300 पेपर, 9,000 सायटेशन, म्हणजे जगातल्या 9,000 शास्त्रज्ञांनी त्यांचं संशोधन मान्य केलं. त्यांनी हळदीतल्या कर्क्युमिनपासून साखर आणि कॅन्सर मुळापासून घालवणारं औषध सिद्ध केलंय. हीच हळद अमेरिकेनं पेटंट घेऊन चोरली होती, आता कंपन्या हे दाबतायत. म्हणून रोज सकाळी कर्क्युमिनची कॅप्सूल मिरीबरोबर घ्या, गोळ्या फेकून द्या.

शास्त्रज्ञाचं नाव इथं घेत नाही. माणूस खरा आहे, कामही खरं आहे, आणि हा मेसेज त्यांनी लिहिला असेल असं मला अजिबात वाटत नाही.

स्टॅनफर्डचं आधी उरकतो. कुणी निवड केली नाही, कुणी सन्मान केला नाही. जॉन आयोनिडिस नावाचे स्टॅनफर्डचे एक प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी स्कोपस या संशोधन-पेपरांच्या डेटाबेसमधले आकडे घेऊन दरवर्षी एक यादी काढतात. एक्सेलची फाईल असते, कुणीही उतरवून घ्यावी. जगभरातली दोन लाखांच्या वर नावं. यादीत येणं चांगलंच आहे, मी त्यात नाही. पण संगणकानं लावलेल्या क्रमाला विद्यापीठाचा सन्मान म्हणणं म्हणजे बोर्डाच्या निकालात नाव आलं म्हणून मुख्यमंत्र्यांनी सत्कार केला असं सांगत फिरणं. आणि हो, त्याच यादीत अलीकडे मागे घेतलेल्या, म्हणजे चूक किंवा गैरप्रकार आढळल्यानं नियतकालिकानं रद्द केलेल्या, पेपरांचा रकानाही असतो. तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

खरा संताप येतो तो 9,000 शास्त्रज्ञांच्या मान्यतेवर. मामांची पुरी चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत गेली. त्यांना म्हटलं, मामा, सौद्यात एका ढिगापुढं पन्नास माणसं थांबली म्हणजे पन्नास जणांनी माल घेतला का? "न्हाई," म्हणाले, "निम्मी नुसती वास घ्यायला येत्यात." सायटेशनचं तेच. एका पेपरमध्ये दुसऱ्या पेपरचा उल्लेख झाला की एक सायटेशन. तो उल्लेख कौतुकाचा असेल, 'यांचं चुकलं' असं सांगणारा असेल, नाहीतर नुसता भरतीचा. भरतीचेच जास्त. प्रस्तावनेत 'या विषयावर अलीकडे बरंच काम झालं आहे' असं एक वाक्य टाकायचं आणि पुढं कंसात 12 ते 19 असे आकडे. त्या आठांतले पाच पेपर लिहिणाऱ्यानं उघडूनही पाहिलेले नसतात. कसं माहीत? मी केलंय. शिवाय 9,000 उल्लेख म्हणजे 9,000 माणसं नव्हेत. तोच माणूस, त्याचेच विद्यार्थी, तोच गट पुन्हापुन्हा मोजला जातो. एच-इंडेक्सचा अर्थही एवढाच: 45 असेल तर किमान 45 वेळा उल्लेखलेले 45 पेपर. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली हे माप सुचवलं ते संशोधकाच्या कामाचा आवाका मोजायला. रेणू रोग्याच्या पोटात गेल्यावर काय करतो हे त्यात कुठंच येत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 12 मुलांवरचा पेपर आला, गोवराच्या लशीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा. 2010 मध्ये तो मागे घेतला गेला. त्याला हजारो सायटेशन आहेत. काढा आता अर्थ.

औषध-रसायनशास्त्रातल्या पेपरांत बहुतेकदा काय असतं तेही सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं प्रत्येक पेपर म्हणजे एक औषध. एक रेणू घ्यायचा, त्याच्या कडेला इथं क्लोरीन, तिथं मिथॉक्सी लावून त्याची पंधरा-वीस भावंडं तयार करायची. ती डिशमधल्या पेशींवर टाकायची, कोणतं भावंड किती कमी मात्रेत पेशी मारतं त्याचा तक्ता करायचा, संगणकावर डॉकिंगचं, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याचं, रंगीत चित्र काढायचं. काम कष्टाचं आहे, गरजेचंही. पण तिथून माणसापर्यंत जाताना बहुतेक रेणू वाटेतच गळतात. डिशमधल्या पेशी तर ब्लीचनंही मरतात.

आता कर्क्युमिन. सांगलीत हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याला नावं ठेवण्यासारखं. पण हळदीत चुना पडला की ती लाल होते हे घरातल्या बाईमाणसाला रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. कर्क्युमिन हा असा चंचल रेणू आहे. शरीराच्या तापमानाला, रक्ताच्या आसपासच्या पीएचच्या (आम्ल-अल्कतेच्या) नुसत्या द्रावणात ठेवला तर अर्ध्या तासात सुमारे 90 टक्के मोडून जातो. तो स्वतः चमकतो, धातूंना धरतो, समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो. त्यामुळं प्रयोगशाळेतली चाचणी कसलीही असो, हा 'पास' झालेला दिसतो. अशा फसव्या रेणूंना आमच्या क्षेत्रात 'पेन्स' म्हणतात, आणि त्यांच्यावर पेपर काढणं सोपं असतं, कारण उत्तर नेहमी 'हो' येतं.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. औषध-रसायनशास्त्रातल्या वजनदार नियतकालिकांत ज्याचं नाव घेतात त्या 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'नं 2017 मध्ये कर्क्युमिनवर सविस्तर आढावा छापला. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांचा. हजारो पेपर आणि 120 हून अधिक क्लिनिकल चाचण्या पाहून त्यांनी म्हटलं की कर्क्युमिन हा अस्थिर, कशाशीही प्रक्रिया करणारा, शरीरात न शोषला जाणारा रेणू आहे, औषधाचा पाया म्हणून त्याच्याकडून आशा धरण्यासारखी नाही. आणि दुहेरी-अंध, म्हणजे कुणाला काय दिलंय हे रोगी-डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली, प्लासिबोशी म्हणजे खोट्या गोळीशी तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही. त्यानंतर गुडघेदुखीवर काही छोट्या चाचण्यांत थोडा आराम दिसलाय, तेवढं कबूल. गुडघा म्हणजे कॅन्सर नव्हे.

'पण हजारो पेपर आहेत' याला उत्तर हवं असेल तर ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये पूर्वी असलेल्या भरत अग्रवाल यांचं नाव शोधा. कर्क्युमिनवर जगात सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या नावांपैकी एक. त्यांचे दोन डझनांहून अधिक पेपर नियतकालिकांनी मागे घेतलेत. त्यांवर रचलेले दुसऱ्यांचे पेपर मात्र आहेत तिथंच आहेत.

पेटंटची गोष्ट अर्धी खरी आहे, नाइलाजानं मान्य करतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये अमेरिकेत हळदीचं पेटंट मिळालं होतं. पण ते जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं, साखरेचं की कॅन्सरचं नव्हे. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं, जुने दाखले काढले, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. चोरी सापडली, मालही परत आला. यात दाबादाबी कुठं बसवायची? उलट कर्क्युमिनच्या कॅप्सूल विकणाऱ्या कंपन्याच कमी नाहीत. मामांनी आणलेली डबी काय ग्रामोद्योगची होती?

त्या डबीवर 'मिरीचा अर्क' असं ठळक छापलेलं होतं, आणि मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. 1998 साली बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरिननं कर्क्युमिनचं शोषण माणसात 2,000 टक्क्यांनी वाढतं. खरं आहे. पण मुळात रक्तात जेमतेम सापडत होतं, त्याची ही वाढ. आणि पायपरिन हे साधतं कसं? यकृताचं औषधं मोडायचं काम मंदावून. ते मंदावलं की तुमच्या बाकीच्या गोळ्यांचंही प्रमाण बदलू शकतं. यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या गटानं 2022 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेले 10 रुग्ण नोंदवले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. आमटीतल्या हळदीचं हे नाही. आमटीत आपण चिमूटभर टाकतो, आणि त्या चिमटीत कर्क्युमिन शंभरात दोन ते पाच भाग.

आणि फेकलेली ती गोळी? मेटफॉर्मिन. तिचं मूळही एका झाडात आहे, युरोपातल्या गलेगा नावाच्या वनस्पतीत. त्यातला मूळ पदार्थ विषारी निघाला, रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा नातेवाईक रेणू तयार केला. झ्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं 1957 मध्ये तो मधुमेहींना देऊन पाहिला आणि 'मारोक मेडिकल' नावाच्या मोरोक्कोतल्या नियतकालिकात दोन पानांत लिहिलं. एच-इंडेक्स तेव्हा जन्मायचा होता. 1998 च्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात जास्त वजनाच्या मधुमेहींत या गोळीनं मृत्यूचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी झालं. हे मोजलेलं आहे, माणसांवर, वर्षानुवर्षं.

दीड तास हे सगळं सांगितलं. मामा मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "आरं, तुझा किती हाय?"

"काय?"

"त्यो एच का काय."

चार, म्हणालो.

मामांनी मामींकडं बघितलं. "बघ. ह्याचा चार. आन् ह्यो त्या पंचेचाळीसवाल्याला शिकवाय निघालाय."

सोमवारी मामी त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दोन मिनिटं ओरडून गोळी पुन्हा सुरू केली. त्यांचा एच-इंडेक्स मामांनी विचारला नाही.