टोटल काहून जुळून नाही राह्यली?

जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) ऑफिसात पॉवर बीआय, म्हणजे आकड्यांचे रिपोर्ट बनवणारं सॉफ्टवेअर, बसवलं की शेटजी आधी कॅल्क्युलेटर मागवतात. यंत्रावर भरवसा नाही असं नाही, पण खात्री केलेली बरी. आणि मग तो प्रश्न येतोच: "भाऊ, टोटल काहून जुळून नाही राह्यली?"

समजा, राळेगाव खरेदी केंद्राच्या १०० क्विंटल कापसाला रुईचा उतारा (कापसातून निघालेली रुई) ३६ टक्के, वणीच्या ९०० क्विंटलला ३२. शेटजींचा हिशेब ३४ म्हणतो, रिपोर्टच्या तळाशी ३२.४. रिपोर्टचंच खरं: १००० क्विंटलमागे रुई ३२४. टोटलच्या ओळीत मेजर, म्हणजे दरवेळी नव्यानं हिशेब करणारं सूत्र, वरच्या आकड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. केंद्राचा फिल्टर ('फक्त याच केंद्राचं' ही अट) बाजूला ठेवून तोच भागाकार, रुई भागिले कापूस, पुन्हा करतं. म्हणून भागाकार मेजरमध्येच हवा. कॅल्क्युलेटेड कॉलम, म्हणजे सूत्रानं भरलेला रकाना, माहिती रिफ्रेश होतानाच ओळीओळीत ठरून जातो. नंतर स्लायसर (निवडीची बटणं) कितीही बडवा, त्या ओळीतला आकडा ढिम्म. गाडीगणिक भावाच्या कॉलमला नुसती सरासरी लावली, तर बैलबंडी आणि ट्रक यांना सारखाच मान.

वाट्याची टक्केवारी तर मानापमानाचंच प्रकरण. खाली छेदात नुसती खरेदी घातली की प्रत्येक केंद्र १०० टक्के, सगळेच मालक. छेदात कॅल्क्युलेट (फिल्टर बदलून हिशेब करणारं फंक्शन) आणि ऑल (फिल्टर काढणारं) घाला, वाटे पडतात. पण शेटजी दोनच केंद्रं निवडतात आणि बेरीज १०० होत नाही म्हणून भुवया चढवतात. तिथे ऑलसिलेक्टेड हवं, निवडलेल्यांतच वाटणी. एक खोडी मात्र भल्याभल्यांना रडवते: केंद्रांची नावं क्रमांकाच्या वेगळ्या कॉलमनुसार क्रमानं लावून ठेवली असतील, तर फक्त नावावरचा फिल्टर काढून भागत नाही. क्रमांकाचा फिल्टर मागे उरतो आणि सगळे पुन्हा १०० टक्के. दोन्ही कॉलम ऑलमध्ये द्या.

कॅल्क्युलेटमध्ये थेट 'वणी' लिहिलं की तक्त्याच्या प्रत्येक ओळीत वणीचाच आकडा, राळेगावसमोरसुद्धा. तो फिल्टर आधीच्या निवडीला धक्का मारून स्वतः बसतो. कीपफिल्टर्समध्ये (आधीची निवड जपणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळला की दोघं जुळवून घेतात.

हंगामाचं काय सांगावं! कापसाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज करणाऱ्या टोटलवायटीडी फंक्शनला ते माहीत नसतं. न सांगितल्यास त्याचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. यार्डात गाड्यांची रांग लागलेली आणि १ जानेवारीला रिपोर्टात खरेदी शून्यापासून. त्या सूत्राच्या शेवटी वर्षअखेर ३० सप्टेंबर द्यायला विसरू नका, नाहीतर नववर्षाच्या शुभेच्छा शेटजींकडून मिळतील.

पण खरा वैरी स्लायसरच. काहीच न निवडणं म्हणजे सगळं निवडणं, हे कुणाला पटत नाही. एकाहून जास्त निवडायला कंट्रोल दाबून ठेवावं लागतं, हे सांगितलं की "हे कायले?" असा प्रश्न. दोन केंद्रं निवडली की निवडलेलं एकच नाव सांगणारं सिलेक्टेडव्हॅल्यू गप्प, ते दाखवणारी चौकट, म्हणजे कार्ड, रिकामं; म्हणून त्याला दुसरा पर्याय द्यावा, 'अनेक केंद्रं' असा. त्यात ऑनलाइन रिपोर्ट प्रत्येकाची शेवटची निवड लक्षात ठेवतो. काल संध्याकाळी वणी दाबून गेलेले साहेब आज सकाळी वणीच बघतात आणि विचारतात, "राळेगावची आवक बंद झाली का बाप्पा?" वरचं 'रीसेट' बटण त्यासाठीच असतं. तक्त्याच्या कोपऱ्यातल्या गाळणीच्या चिन्हावर माऊस नेला तर कोणकोणते फिल्टर लागलेत ते दिसतं, दुसऱ्या पानावरच्या स्लायसरनं सिंक होऊन टाकलेलेसुद्धा.

एवढ्यानंही भागत नाही, कारण रिपोर्ट वाचला जातो व्हॉट्सअॅपवरच्या स्क्रीनशॉटमध्ये. म्हणून रिपोर्टच्या माथ्यावर कॉन्कॅटेनेटएक्स या नावं जोडणाऱ्या फंक्शननं निवडलेल्या केंद्रांची नावं छापणारं कार्ड ठेवावं, ठळक अक्षरात. शेटजी फॉरवर्ड करण्याआधी नेमकी तीच पट्टी कापतात, फोटोत आकडे मोठे दिसावेत म्हणून.